हेरपटाच्या पाट्या: पहिल्या दीड मिनिटात "हा हेरपट आहे" हे नेमकं कशानं कळतं?

अबोली_कट

नमस्कार मंडळी. मी संकलन करते. सध्या मैत्रिणीच्या बावीस मिनिटांच्या लघुपटावर काम चालू आहे. कथा काल्पनिक आहे. १९५७ सालची पणजी, टपाल कचेरीतला एक कारकून, लोकांची पत्रं फोडून वाचणारे पोर्तुगीज पोलीस. हा कारकून गुपचूप सावंतवाडीकडे बातम्या पोचवतो. म्हणजे हेरपटच, पण त्यात ना पाठलाग, ना पिस्तूल, ना स्फोट.

सुरुवातीच्या पाट्यांसाठी, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या नावांसाठी, दीड मिनिट राखून ठेवलंय. निर्मात्याचं म्हणणं एकच: "बॉण्डसारखं कर." म्हणजे बंदुकीची नळी, वरून ओघळणारं रक्त, बायकांच्या सावल्या. ते आमच्या गोष्टीला शोभणार नाही हे मला आतून कळतंय, पण का शोभणार नाही ते धड सांगता येत नाही. आणि "हा हेरपट आहे" हे पहिल्या पाटीपासून प्रेक्षकाला कळायला हवं, हे त्यांचं म्हणणं मला पटतंच.

तर जाणकारांनी सांगा, हे कळतं कशानं? चित्रानं, अक्षरांनी, की संगीतानं? नुसती यादी नको, एखादं उदाहरण उलगडून सांगितलंत तर फार मदत होईल.

काचपाटी

अबोलीताई, प्रश्न फार आवडला. मी मुंबईत एका लॅबच्या ऑप्टिकल खात्यात उमेदीची वर्षं काढली. काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरनं नावं लिहायची, ती कॅमेऱ्याखाली धरायची, मग चित्रावर सुपर करायची, म्हणजे चित्राच्या वर छापायची, हे माझं काम. त्यामुळे कुठलाही चित्रपट लागला की माझी नजर आधी पाट्यांवर जाते.

माझं मत सांगतो. हेरपटाच्या पाट्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: इथे कोण कोणाला बघतंय? प्रेमकथेला हा प्रश्न पडत नाही, पौराणिक चित्रपटाला पडत नाही. हेरगिरीत मात्र सगळा खेळच त्याचा. पाट्यांनी तेवढं पक्कं केलं की प्रेक्षक आपोआप त्या जगात जाऊन बसतो. संगीत, रंग, अक्षरं त्याच्या मागून येतात.

तुमच्या निर्मात्याची ती नळीच घ्या. १९६२ चा 'डॉ. नो', पाट्या मॉरिस बाइंडरच्या. काळ्या पडद्यावरून पांढरे ठिपके सरकत जातात. दुकानात किमतीची छोटी गोल लेबलं असतात ना, ती चिकटवून आपण पहिलं रेखाटन केलं, असं बाइंडर स्वतः सांगायचा. शेवटचा ठिपका उघडतो आणि आतून पिस्तुलाची नळी दिसते. नळी खरी होती. साध्या भिंगानं तिचं जवळचं टोक आणि लांबचं टोक एकदम स्पष्ट येईना, म्हणून त्यानं पिनहोल कॅमेरा वापरला, म्हणजे भिंगाऐवजी बारीक भोक असलेला. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा इतक्या धारदार दिसतात त्या त्यामुळे.

आता नीट बघा, ती नळी कोणाची आहे? बॉण्डची नव्हे, त्याच्यावर नेम धरणाऱ्याची. म्हणजे तिकीट काढून बसलेले आपण मारेकऱ्याच्या जागी आहोत. हॅट घातलेला एक माणूस उजवीकडून चालत येतो, आपण नळीतून त्याचा माग काढतो, आणि तो गर्रकन वळून आधी गोळी झाडतो. रक्त उतरतं ते आपल्या नजरेवर. नळी डगमगते, खाली जाते. या माणसावर कायम कोणाची तरी नजर आहे आणि त्या नजरेच्या तो एक पाऊल पुढे आहे, हे एक अक्षर न बोलता सांगून झालं. बॉण्डपटाचा सगळा करार त्या काही सेकंदांत होतो: हा मरणार नाही, तुम्ही निर्धास्त मजा घ्या.

तो माणूस शॉन कॉनरी नाही, हेही सांगून ठेवतो. पहिल्या तीन चित्रपटांत नळीसमोर चालणारा बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन आहे. १९६५ साली 'थंडरबॉल' रुंद पडद्यासाठी निघाला, जुना शॉट त्या मापात बसेना, तेव्हा कॉनरीला घेऊन तो नव्यानं चित्रित केला.

तुमच्या कारकुनाला हा करार लागू होत नाही. तो पकडला जाऊ शकतो, ही भीती शेवटपर्यंत राहायला हवी. म्हणून नळी शोभणार नाही, असं निर्मात्यांना सांगा.

सूर_मंद्र

काचपाटी यांचा प्रतिसाद उत्तम, पण संगीत "मागून येतं" हे मला मान्य नाही. डोळे मिटून बसा आणि व्हिक फ्लिकच्या गिटारवरची ती बॉण्डची धून ऐका. नळी नसली, ठिपके नसले तरी हेरपट सुरू झाला हे कळतंच. १९६२ पासून जगभर त्या काही सुरांचा अर्थच तो झाला आहे.

त्या धुनेचं मूळ तर आपल्या मंडळींना आवडेल असं आहे. मॉण्टी नॉर्मननं ती मुळात दुसऱ्याच एका गाण्यासाठी केली होती. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर संगीतिका करायचा बेत होता. त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाची गोष्ट, त्यामुळे चालही हिंदुस्थानी वळणाची, सतारीवर शोभेल अशी. संगीतिका उभी राहिली नाही. नॉर्मननं तीच चाल बॉण्डसाठी काढली, सुरांची तोड बदलली, आणि जॉन बॅरीनं तिला ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, साज चढवला.

दुसरं उदाहरण 'मिशन: इम्पॉसिबल'. १९६६ ची मूळ अमेरिकी टीव्ही मालिका, संगीत लालो शिफ्रिन. ताल पाच मात्रांचा. पाश्चात्त्य कानाला चारची सवय, त्यामुळे दर आवर्तनाला काहीतरी एक पाऊल जास्त पडतंय असं वाटत राहतं आणि जीव टांगणीला लागतो. आपल्याकडे झपतालात हात बसलेल्यांना पाचाचा हिशोब नवा नाही, पण शिफ्रिन तो तीन आणि दोन असा ज्या आक्रमकपणे तोडतो, त्यात धाव आहे. पडद्यावर फक्त काडी ओढणारा एक हात आणि जळत जाणारी वात. ताल काढून घ्या, मागे दिवाळीची वात उरेल.

काचपाटी

सूर_मंद्र, झपतालाचं निरीक्षण मोलाचं. वातीबद्दल थोडं जोडतो. त्या पाट्यांत वात जळत असताना मध्येमध्ये विजेसारखी दृश्यं चमकून जातात. ती त्याच भागातली, म्हणजे अजून घडायच्या गोष्टी. कोणीतरी आधीच सगळं ठरवून ठेवलंय आणि आपल्याला त्या बेताचे तुकडे तेवढे दिसताहेत. काडी ओढणाऱ्या हाताला चेहराही दिलेला नाही. १९९६ च्या ब्रायन डी पाल्माच्या चित्रपटानं ही युक्ती जशीच्या तशी उचलली, पाट्यांमध्येच पुढची दृश्यं झरझर दाखवून टाकली, आणि तरी काही फुटलं नाही. बेत माहीत असूनही कळत नाही, यातच त्या मालिकेची जात आहे. तेव्हा ताल हवाच, पण ताल कशाला चिकटला आहे तेही बघा.

अबोली_कट

दोघांचे आभार. नळीचा मुद्दा निर्मात्याला पटला, खरंच! आता ते सावल्यांवर अडून बसलेत. "सावल्या आल्या की गूढ वाटतं," म्हणतात. काचपाटीकाका, त्या सावल्या त्या काळी करायचे कशा? आणि बॉण्डच्या उलट्या टोकाला असलेला, म्हणजे आमच्या कारकुनाच्या जवळचा एखादा नमुना सांगाल का?

काचपाटी

सावल्यांचं आधी. मागे पांढरा पडदा, त्यावर भरपूर दिवे, पुढे माणूस, आणि माणसावर अंगचा उजेड शून्य. हे हाय-कॉन, म्हणजे हाय-कॉन्ट्रास्ट, फिल्मवर छापलं की मधले करडे रंग गळून पडतात, उरतो शुद्ध काळा आकार आणि स्वच्छ मोकळी जागा. याचीच उलटी प्रत काढायची. आता तुमच्याकडे जोडी झाली: एक आकार झाकणारी, एक आकार उघडी ठेवणारी. ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरून दुसरीवर चित्र छापणाऱ्या यंत्रावर, एकदा एक लावून, फिल्म मागे घेऊन, पुन्हा दुसरी लावून छापायचं. बाईच्या आकारात समुद्र भरा, आग भरा, काहीही भरा. प्रत्येक फेरीला फ्रेम मोजून. एका फ्रेमची चूक झाली तर आकाराला किनार सुटते आणि सगळं पहिल्यापासून.

सावल्यांचा एक साधा व्यवहारी फायदा होता. नावं वाचता यायला हवीत. कोणाचं नाव आधी, कोणाचं किती मोठं, हे करारात लिहिलेलं असतं. सपाट रंगावर पांढरं अक्षर लख्ख उठतं. शिवाय उघडं अंग दाखवूनही सेन्सॉरच्या कात्रीतून सुटता येत होतं. गूढ वगैरे त्यानंतर. हे निर्मात्यांना सांगा.

बॉण्डपटांच्याच पाट्या करणाऱ्या रॉबर्ट ब्राउनजॉननं याच्या नेमकं उलट केलं. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये त्यानं नावंच प्रोजेक्टरनं नर्तकीच्या अंगावर टाकली. ती हलते तशी अक्षरं वाकतात, ताणतात, कधी वाचता येतात, कधी नाही. पुढच्या वर्षी 'गोल्डफिंगर'मध्ये सोनेरी रंग दिलेल्या अंगावर चित्रपटातलीच दृश्यं टाकली. पाट्यांमधलं ते अंग मार्गारेट नोलनचं. चित्रपटात पलंगावर सोन्यात मढलेली मुलगी म्हणजे शर्ली ईटन, ती वेगळी. लोक सर्रास गल्लत करतात. यात लॅबची करामत जवळपास नाही. प्रोजेक्टर, अंधारी खोली आणि कॅमेरा. तुम्हाला आज घरच्या घरी जमेल इतकं सोपं.

आता तुमच्या कारकुनाचा नमुना. वर्ष तेच, १९६५. 'थंडरबॉल' ज्या वर्षी आला त्याच वर्षी 'द इप्क्रेस फाइल' आला. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, म्हणजे बॉण्डच्याच दोन निर्मात्यांपैकी एक. संगीत जॉन बॅरी. कलादिग्दर्शन केन अ‍ॅडम, ज्यानं बॉण्डच्या खलनायकांचे ते अवाढव्य अड्डे उभे केले. माणसं तीच, आणि त्यांनी मुद्दाम दुसरं टोक गाठलं.

आधी एक छोटा प्रसंग होतो, शास्त्रज्ञ पळवला जातो. मग गजराचं घड्याळ वाजतं. मायकल केनचा हॅरी पामर डोळे उघडतो आणि खोली धूसर दिसते. आपल्यालाही धूसरच दिसते. हात चाचपडत चष्म्यापर्यंत जातो, चष्मा नाकावर चढतो, तेव्हा कुठे पडदा स्पष्ट होतो. अहो, हेराचा चित्रपट आणि हेराला दिसतच नाही! बॉण्डकडे कोणीतरी नळीतून बघत होतं, इथे बघणाराच अधू आहे. मग तो उठतो, पडदे सरकवतो, कॉफीच्या बिया दळतो, काचेच्या भांड्यात कॉफी करतो, दट्ट्या हलकेच खाली दाबतो, पेपरातलं घोड्यांच्या शर्यतीचं पान बघतो. नावं येत राहतात. बॅरीनं इथे गिटार-ब्रास बाजूला ठेवून सिम्बालम घेतलं आहे, आपल्या संतूरच्या नात्यातलं, हंगेरीकडचं वाद्य. एकटं, किनऱ्या आवाजाचं, थोडं संशयी.

त्या दळणाऱ्या हातांकडे बघा. घाई नाही, नेमकेपणा आहे. एकटा राहतो, चोखंदळ आहे, पगार बेताचा असावा, सकाळी कामावर जायचं आहे. इथे हेरगिरी ही नोकरी आहे, हे कॉफी होईपर्यंत कळून चुकतं. चष्मा काढला तर हा असहाय आहे, हेही मनाच्या कोपऱ्यात जाऊन बसतं.

त्याच वर्षीचा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' तर आणखी कोरडा. काळापांढरा. बर्लिनची चेकपॉइंट चार्ली चौकी, रात्र, काटेरी तार, आणि वाट बघणं. ती चौकी डब्लिनमध्ये उभारलेला सेट होती, पण पडद्यावर थंडी खरी वाटते. पलीकडून सायकलवर येणाऱ्या माणसाची वाट बघत रिचर्ड बर्टन उभा आहे. तो माणूस पोचत नाही, गोळ्या लागून पडतो. बघणारा बघत राहतो, त्याच्या हातात काही नाही.

एकाच वर्षात तीन सुरुवाती. तुमचा कारकून या शेवटच्या दोघांचा सोयरा.

दुसरा_खेळ

बॉण्डवाल्यांनाही हे कळलं होतं, असं माझं म्हणणं. २००६ चा 'कसिनो रॉयाल' आठवा. नळी सुरुवातीला नाहीच. प्रागमधला काळापांढरा प्रसंग चालतो, स्वच्छतागृहातली मारामारी, आणि मेला असं वाटलेला माणूस पिस्तूल उचलतो. बॉण्ड वळून गोळी झाडतो, तीच नळी होते. ज्या खुणेला आपण चाळीस वर्षं शिक्का समजत होतो तिच्यामागे एक खरा खून होता, असं चित्रपट सांगतो. पुढच्या पाट्यांत डॅनियल क्लाइनमननं बायकांच्या सावल्याही काढून टाकल्या. पत्त्यांचे बदाम-इस्पिक आणि मारामारी करणारे पुरुष. नवा बॉण्ड जखमी होणारा आहे, हे गाणं संपायच्या आत कळतं.

आपल्या हिंदी हेरपटांत मात्र खरी सुरुवात अस्वीकरणाच्या पाटीनं होते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूची सूचना, आभारांची भली मोठी यादी, आणि मग "या चित्रपटातील पात्रे, संस्था व घटना काल्पनिक आहेत". ही पाटी जितकी लांब तितकं सभागृह सावरून बसतं. मला तर ती पाटीही शैलीचाच भाग वाटते. अबोली, तुमच्याकडेही ती लागेलच. ती टाइप करून उगाच लटकवू नका, रचनेत घ्या.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. १९५७ असेल तर एक गोष्ट सांभाळा. पाकिटावरची तिकिटं टांगा-रियालची, म्हणजे पोर्तुगीज गोव्याच्या जुन्या चलनातली, हवीत. १९५९ पासून तिकिटांवर एस्कुदो आणि सेंताव्ह हे नवं चलन आलं. ती चुकून वापरली तर इथला जुना माणूस पहिल्याच पाटीला बोट ठेवेल. तिकिटावर पोर्तुगीजमध्ये 'एश्तादु दा इंदिया', म्हणजे 'भारत राज्य', असं छापलेलं असायचं. पत्रांच्या लिपीकडेही बघा. एकाच थैलीत पोर्तुगीज पत्रं, रोमी, म्हणजे रोमन, लिपीतली कोंकणी आणि देवनागरीतली मराठी असणं अगदी स्वाभाविक. पत्र फोडणाऱ्या पोलिसाला त्यातली प्रत्येक वाचता येत असेलच असं नाही, आणि तुमच्या कारकुनाला सगळ्या येत असतील. हे वापरता आलं तर बघा.

काचपाटी

मांडवीकाठ, तुम्ही तर पाट्याच करून दिल्यात!

अबोलीताई, "कोण कोणाला बघतंय" याचं उत्तर तुमच्या गोष्टीत आहेच. पत्र फोडणारा बघतोय. तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या जागी ठेवा. वरून खाली, टेबलावर. हात तेवढे दिसू देत, चेहरा नको. पाकीट येतं, वाफेवर धरतात, कडेला पातळ पातं सरकतं, कागद उलगडतो. कलाकार-तंत्रज्ञांची नावं पत्त्याच्या जागी, हातानं लिहिलेली. एक रोमीत, एक देवनागरीत. नाव वाचून होतंय तोवर पाकीट पुन्हा चिकटवलं जातं आणि उजवीकडच्या गठ्ठ्यात जातं. पुढचं येतं. प्रेक्षकानं इतरांची पत्रं उघडलेली पाहिली, त्यात त्याचाही हात लागला. नळीनं जे केलं तेच काम, पिस्तुलाशिवाय.

आणि शेवटचं पाकीट दिग्दर्शिकेच्या नावाचं असतं तसं असू द्या, पण त्याच्या आधीचं एक पाकीट असं हवं की ते न फोडताच दुसऱ्या गठ्ठ्यात सरकवलं जातं. हात तोच दिसतो, फक्त बाही वेगळी. पोलिसाची खाकी बाही आणि कारकुनाची शाईचे डाग पडलेली पांढरी बाही. कोणी बोट दाखवून सांगायचं नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येक नाव मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ टिकवा. हस्ताक्षर असेल तर त्याहून थोडा जास्त, कारण हातानं लिहिलेलं वाचायला डोळा अडखळतो. आणि अक्षरं खरोखर टाक-दौतीनं कोणाकडून तरी लिहून घ्या. संगणकावरच्या हस्ताक्षराच्या फाँटमध्ये प्रत्येक 'र' हुबेहूब सारखा येतो, आणि पाकिटं वेगवेगळ्या माणसांची आहेत हा विश्वास तिथेच जातो.

सूर_मंद्र

आणि पार्श्वसंगीत लावूच नका, असं मीच सांगतो. वाफेची किटली, पातं, कागद आणि शिक्का. टपालाचा शिक्का एका लयीत पडत राहू द्या. जे पाकीट फोडलं जात नाही त्यावर शिक्का लयीच्या अर्धी मात्रा आधी पडू दे. कान लगेच टवकारतो.

अबोली_कट

काय बोलू! निर्मात्याला तुमचे प्रतिसाद जसेच्या तसे वाचून दाखवले. "बाही दिसायला हवी, पण फार नको," एवढीच सूचना आली आणि बॉण्डचा विषय बंद झाला. अस्वीकरणाची पाटी पहिल्या उलगडलेल्या कागदावर टाकतेय, दुसरा_खेळ यांचं ऐकून. अक्षरांसाठी माझ्या आत्याला गाठलंय, तिचं वळण जुन्या शाळेचं आहे. रोमी कोंकणीचं वळण मात्र आमच्या घरात कोणालाच नाही.

मांडवीकाठ, तुमच्या ओळखीत रोमीत लिहिणारं कोणी मोठं माणूस आहे का? आणि टांगा-रियालच्या तिकिटांचे स्वच्छ स्कॅन कुठे मिळतील? शनिवारी टेबल लावतोय, त्याआधी हवे आहेत.

मांडवीकाठ

माझी मावशी अजून रोमीतच पत्र लिहिते. नावांची यादी व्यक्तिगत निरोपात टाका, मी तिच्याकडून कोऱ्या पाकिटांवर लिहून घेतो. तिकिटं काकांच्या संग्रहात आहेत, उद्या दुपारी स्कॅन करतो. पाकिटाचा कागद कसा हवा तेही कळवा, पातळ निळा की जाड पिवळसर, म्हणजे शाई त्याप्रमाणे घेता येईल.